आरोहीचं खाकरणं

शेळगी, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

ऋतुजा,

वर ‘आशीर्वाद’ लिहिला होता, तो खोडला. माझ्या आशीर्वादाचं तू आता काय करणार? पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, एवढंच मागणं आहे. कामापुरतंच लिहितो. तुझा नंबर आमच्या फोनवरून लागत नाही. तो आमच्या अभिमन्यूनं बंद केलाय की तू, हे मी विचारलं नाही. म्हणून बार्शीच्या पत्त्यावर, तुझ्या वडिलांच्या घरी लिहितोय.

आरोही बरी आहे. अर्धी भाकरी खाते. ताप नाही. पण पोरगी घसा खाकरते. सर्दी झाल्यावर माणूस खाकरतो तसं नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत खं, खं. खेळता खेळता, जेवता जेवता, टीव्ही बघताना. बाहेर काही पडत नाही. दुखतं का विचारलं तर मान हलवते. काय अडकलंय का, तर नाही म्हणते. तोंड उघडून बॅटरी मारून मी चारदा बघितलं. मला काय कळणार? लाल दिसलं. सगळ्यांचं लालच असतं म्हणे.

हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिला, मधातून आलं दिलं. ते तिनं माझ्याच धोतरावर थुंकलं. शेजारच्या मायाक्कानं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. मला रात्रंदिवस नको नको ते सुचतं. लहानपणी आमच्या गावात घटसर्पानं दोन पोरं गेली होती. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, तिला लस दिलेली आहे, ते नाही. तरी घोर जात नाही.

तुला विचारायचं ते हे की, ती तान्ही असताना तिला असं काही होतं का? दूध वर यायचं का? तुझ्या माहेरी कुणाला दमा आहे का? तू तिची आई आहेस, तुला माहीत असणार. एका कार्डावर दोन ओळी लिहून टाक.

दिवाळीत तू येऊन गेलीस असं मायाक्काकडून कळलं. मी त्या वेळी घरी नव्हतो.

तुझा सासरा,
ज्ञानबा


५ डिसेंबर २०२४

ऋतुजा,

तुझं कार्ड आलं नाही. आलं नाही म्हणून रागावलो नाही. पोस्टातही वेळ जातो.

गल्लीतल्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावली, नाकात बघितलं आणि विचारलं, ‘घरात धूळ कसली?’ मी म्हणालो, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. ते हसले. ‘मग आबा, पोरगीला पिठातच वाढवताय की. काहींना पिठाची ॲलर्जी असते. नाकातलं पाणी मागं घशात उतरतं, मग सारखं खाकरावं वाटतं.’ औषध लिहून दिलं, झोपताना पाच एमएल.

मी घरी आलो आणि गिरणीचा पट्टा उतरवला. एकतीस वर्षं चालू होती ती. तुझ्या सासूच्या तेराव्यालासुद्धा तिसऱ्या प्रहरी लोकांचं दळण दिलं होतं. शटरवर खडूनं लिहिलं, ‘गिरणी बंद आहे’. मायाक्का डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन उभी.

‘काय रं ज्ञानबा, बंद करून आता काय खानार? पट्टा?’

‘पोरगीचा घसा हाय.’

‘तिचा घसा न्हाय, तुझं डोस्कं हाय. ही धा घरं सोडून दळाय जाऊ व्हय मी, ह्या गुडघ्यानं?’

बोलली, पण दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन तीच आली. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, तरी साठवलेल्या पिंपातलं काढून आम्ही भिंती पुसल्या. जाळ्यातून, खिळ्यांवरून, देवाच्या फोटोमागून पीठ निघालं. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारावरचा पडदा धुतला तर पाणी पांढरं झालं.

आज बारा दिवस झाले. खाकरणं तसंच आहे. मी मोजतोय. एका वाटीत ज्वारीचे दाणे ठेवलेत. ती खाकरली की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. काल दोनशे बारा झाले. परवा एकशे नव्वद. झोपल्यावर मात्र अगदी गप्प असते. मी बराच वेळ कान देऊन बघितलं.

अभिमन्यू दुसऱ्या पाळीला जातो. टॉवेलच्या कारखान्यात आता माणसं कमी केलीत, त्याला दोन मशिनी बघाव्या लागतात. घरी आला की तिचं ऐकून चिडतो आणि मग तिलाच जवळ घेऊन बसतो. तुझं नाव घेत नाही. मीही घेत नाही.

ती घेते. त्याबद्दल काय लिहू?

ज्ञानबा


४ जानेवारी २०२५

ऋतुजा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं. ‘तिला लहानपणी असं काहीच नव्हतं. माझी मुलगी मला द्या.’

मी ते बंद गिरणीत उभ्यानं वाचलं. अभिमन्यूला दाखवलं नाही. पहिल्या वाक्याचा उपयोग झाला, डॉक्टरला सांगता आलं. दुसऱ्याबद्दल मी काय बोलणार? ते माझ्या हातात नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी मानेचा-छातीचा फोटो काढला, कधी शेंगदाणा नाहीतर मणी अडकलेला असतो म्हणाले. नाही निघाला. नाकामागं गाठ वाढते, तीही वाढलेली नाही. मग म्हणाले, पोटातलं आंबट वर येत असेल, तिखट बंद करा, जेवल्याबरोबर झोपवू नका. त्या दिवसापासून शेंगाची चटणी बंद. तुझी पोरगी चटणीवाचून जेवते होय? मायाक्काच्या घरी जाऊन डब्यात बोट घालून चाटून आली आणि तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत मला म्हणाली, ‘आबा, मी न्हाय खाल्ली.’ ओठ लाल. मी हसलो. लई दिवसांनी हसलो.

तीन आठवडे झाले. खाकरणं आहेच.

बालवाडीतल्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, ‘आजोबा, ही सुरू झाली की सगळा वर्ग सुरू होतो. पोरं तिला खाकरीबाई म्हणतात.’ तिला मागं, खिडकीजवळ बसवलंय. मी गेलो तेव्हा एकटीच बसली होती. पाटीवर गोल काढत होती.

आता एक लिहितो. लिहू नये असं वाटतं, पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. सकाळपासून खं, खं, खं. माझ्या डोक्यात घण बसल्यासारखं. मी ओरडलो, ‘आता खाकरलीस तर तुला आईकडं न्हेनार न्हाय.’

पोरगीनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. श्वास धरला. मी बघतोय, तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरले, पाय एकमेकांवर घासायला लागली. मी म्हणालो, सोड, सोड श्वास. ती मान हलवते, नाही. शेवटी सुटला आणि एकामागून एक इतक्यांदा खाकरली की उलटी झाली. मग पहिलं काय विचारलं असेल? ‘आता न्हाई न्हेनार का?’

तिला आईकडं न्यायचं वचन मी कधी दिलं, हे तू विचारशील. रोज देतो. ती झोपत नाही, मग देतो. उद्या जाऊ म्हणतो. पाच महिन्यांचे सगळे उद्या संपवले.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली. तिला पाळण्यात बसवतो. तू असतीस तर तूच नेली असतीस.

ज्ञानबा


२ फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

आज लांब लिहिणार आहे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, पुढचं-मागचं होईल. पण पूर्ण वाच.

शुक्रवारी तिला बालरोगतज्ज्ञ बाईंकडं नेलं. पन्नाशीच्या आहेत, आवाज हळू. मी जाताना दाण्यांची वाटी रुमालात बांधून नेली. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा? मी वाटी टेबलावर ठेवली. ‘मोजून आनलंय, म्याडम.’

त्यांनी वाटीकडं बघितलं, मग आरोहीकडं. ‘हे दाणे तिच्यासमोर टाकता?’

‘व्हय. चुकायला नको म्हणून.’

आरोही म्हणाली, ‘लई झालं की आबा रडत्यात.’

बाईंनी वाटी बाजूला सरकवली. तिला खेळायला बाहेरच्या नर्सकडं पाठवलं. मग मला सांगितलं की छाती साफ आहे, नाक-घसा आधीच बघून झालाय, औषधांनी फरक नाही, झोपेत होत नाही. हा टिक असावा. म्हणजे पोरं डोळे मिचकावतात, खांदे उडवतात, तसंच हे घशाचं. ती मुद्दाम करत नाही. रागावलं, मोजलं, थांब म्हटलं की वाढतं. बऱ्याच पोरांचं काही महिन्यांत आपोआप जातं. ‘आबा, ती वाटी घरी गेल्या गेल्या दळायला टाका.’

गिरणी बंद आहे, हे मी सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘कधीपासून?’

मी म्हणालो, ऑक्टोबर असेल. सर्दी झाली होती.

ऋतुजा, खोटं बोललो. नागपंचमीपासून आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळपासून. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी पीठ पुसत बसलो.

आमच्या घराची रीत तुला माहीत आहे. पोरीला कळावं म्हणून पुढं कधी तू सांगशील, म्हणून लिहितो. घरात सून आली की बाप्यानं खाकरून आत यायचं. माझा बाप यायचा, मीही आलो. गिरणीतून आत यायला एकच दार, त्यावर पडदा. पडद्याशी थांबायचं, खाकरायचं, चार श्वास जाऊ द्यायचे, मग आत. आत सून पाय पसरून बसली असेल, पदर खांद्यावर नसेल, तिला सावरायला वेळ मिळावा. तू नवी असताना म्हणाली होतीस, ‘मामा, तुमचा आवाज आला की कुकरसुद्धा शिट्टी आवरून बसतो.’ सहा वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. आरोही चालायला लागल्यावर ती माझं बोट धरून पडद्याशी थांबायची आणि माझ्याआधी खाकरायची. तू आतून म्हणायचीस, ‘या या, मोठे सासरे आले.’ ती खिदळायची.

नागपंचमीच्या दुपारी मी तिला कडेवर घेऊन आत येत होतो. तू फोनवर होतीस. ऐकू आलं, ‘व्हय सर, सोमवारी अकराला येते. न्हाई हो, घरात कुणालाच म्हाईत न्हाय. कळलं तर जीवच घेतील माझा.’ आणि तू हसलीस.

मी थांबलो. आरोहीनं तोंड उघडलं, नेहमीसारखं खाकरायला. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. शू म्हणालो. तिला गंमत वाटली. ती माझ्या हाताखाली गप्प राहिली आणि आम्ही दोघांनी तुझं सगळं बोलणं ऐकलं.

अभिमन्यू संध्याकाळी आला. मी त्याला गिरणीतच गाठलं. म्हणालो, तुझी बायको कुणातरी सरला भेटायला जाते. रोज जाते.

‘रोज’ हा शब्द मी घातला. कुठून आला, माहीत नाही. तुझ्यावर राग होता का? तू बालवाडीच्या कोर्सचं विचारलं होतंस तेव्हा अभिमन्यू नको म्हणाला होता आणि मीही मान हलवली होती. त्यानंतर तू आमच्याशी कमी बोलायचीस. त्याचा राग असेल. सुनेनं हसावं आणि आपल्याला कारण माहीत नसावं, हेही असेल. पण ‘रोज’ मी म्हणालो. पुढचं त्यानं केलं. हात त्यानं उचलला, फोन त्यानं फोडला, पोरगी हितंच राहील असं तो म्हणाला. त्याचं पाप मी माझ्या अंगावर घेत नाही. माझं मला पुष्कळ आहे.

तू उंबऱ्यात उभी राहून मला म्हणालीस, ‘मामा, सहा वर्सांत तुमी कधी न खाकरता आला न्हाईत. आजच का? नुसतं खाकरला असता तर मी तुमाला स्वता सांगितलं असतं.’ आरोही माझ्या कडेवरच होती. तिनं ऐकलं. तुझ्या मागं धावायला तिनं अंग टाकलं आणि मी तिला घट्ट धरलं.

आता कालचं सांगतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं मी काही बोलत नव्हतो. दुपारी ती स्वयंपाकघराच्या पडद्याशी एकटी उभी होती. खाकरली. थांबली. परत खाकरली. पडदा जरासा बाजूला करून आत बघितलं आणि परत सोडला. मी लांबूनच विचारलं, ‘काय बघतीस गं?’

‘काय न्हाय.’

‘आत कोन हाय?’

‘कोन न्हाय.’ मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, ‘आबा, त्या दिवशी मी खाकरनार हुते. तुमी शू म्हणला म्हणून मी गप बसले.’

 मी तिथंच खाली बसलो.

ती म्हणाली, ‘आता मी गप न्हाय बसत. आता आई आली की तिला कळंल.’

पोरगी सहा महिने तेच करतेय, ऋतुजा. तुला सावध करतेय.

संध्याकाळी मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि खरं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, टिकचं एकच एक कारण धरू नये, असं घडलं नसतं तरी कदाचित झालं असतं. पण लहान पोरांना वाटतं, घरात जे मोडतं ते आपल्यामुळंच मोडतं. हे ओझं तिच्यावरून काढा, खाकरणं गेलं न गेलं तरी. मग म्हणाल्या, ‘तिची आई कुठे आहे?’

बार्शीला, म्हणालो.

‘मग माझ्याकडे काय करताय?’

आणखी दोन गोष्टी. दिवाळीत तू आलीस तेव्हा मी घरात होतो. शटरच्या आत, तुझ्यापासून हातभर लांब. तुझ्या हातातल्या डब्याचा आवाज येत होता. आरोही मागच्या खोलीत झोपली होती. तू म्हणालीस, ‘मामा, आत असाल तर एकदा दाखवा फक्त.’ मी श्वास धरून उभा राहिलो.

आणि नोव्हेंबरात पोस्टमन एक मोठं पाकीट देऊन गेला. तुझ्या नावाचं. मी फोडलं. बालवाडी शिक्षिकेच्या परीक्षेचा कागद, पहिला वर्ग. सोमवारी अकराची ती परीक्षा होती. सरांची सहीही आहे खाली. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या तीन दिवस आधी ते पाकीट आलं. म्हणूनच लिहिलं. घशाचं विचारायचं निमित्त होतं. तेही अर्धंच खरं, घोरही होताच.

तो कागद गिरणीच्या खणात आहे. अजून कुणाला दाखवलेला नाही.

ज्ञानबा


१० फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

अभिमन्यूला सांगितलं.

गुरुवारी, तो जेवून हात धूत होता तेव्हा. तुझा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं दोनदा वाचला. मग विचारलं, ‘हे कवा आलं?’

‘नोव्हेंबरात.’

‘आनि रोज जाती म्हणला हुता ते?’

‘मी माझ्या मनानं म्हणलं.’

त्यानं टॉवेल खांद्यावरून काढून त्याची घडी केली. इतकी नीट घडी केली की मला भीती वाटली. ‘आबा, मी तिच्यावर हात टाकला. तुमच्या एका शब्दावर.’

मी म्हणालो, ‘शब्द माझा हुता. हात तुझा हुता.’

मला वाटलं आता मलाच मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खाली बसला. आरोही आली, त्याच्या पाठीवर चढली आणि त्याच्या कानाशी खाकरली. त्यानं तिचे हात धरून ठेवले. म्हणाला, ‘हिला मी देनार न्हाय. माझ्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय?’

मी म्हणालो, ‘म्हणूनच दे.’

दोन दिवस गेले. काल कामावर जाताना तिचा लाल स्वेटर, पाटी आणि ती कापडी बाहुली पिशवीत भरून त्यानं ती पिशवी दाराशी ठेवली. दारातनं म्हणाला, ‘तुमी न्या. मला जमनार न्हाय.’ मग, ‘तिला म्हणावं...’ आणि गाडीला किक मारली. काय म्हणायचं होतं, ते मी जुळवून लिहिणार नाही. मी एकदा जुळवलेलं पुरे झालं. त्याला बोलायचं असेल तर तो येईल. तू ऐकायचं की नाही, ते तुझं.

माझ्याशी तो आता बोलत नाही. ताट वाढून ठेवतो आणि निघून जातो.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघतो. अकराच्या आत बार्शीला येऊ. तुझ्या घरी येणार नाही, तुझ्या वडिलांना माझं तोंड बघायला लागू नये. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीजवळ थांबतो. तू नाही आलीस तर परत नेणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबेन.

ज्ञानबा


१६ फेब्रुवारी २०२५
बार्शी एसटी स्टँड

ऋतुजा,

पावणेअकरा झालेत. समोर तोंडानं बोलता येणार नाही, म्हणून बाकावर बसून हे लिहितोय. पिशवीत तुझ्या निकालाच्या पाकिटाखाली ठेवतो.

डॉक्टरचे सगळे कागद आहेत. कुठलंही औषध आता चालू नाही. खाकरली तर खाकरू दे. तिकडं बघू नकोस, थांब म्हणू नकोस, कुणाला मोजू देऊ नकोस. वाढलं किंवा श्वास लागला तर मात्र दाखव. शेंगाची चटणी दिली तरी चालते, पोटाचं काही नव्हतं. भाकरी कडक लागते. उजव्या कुशीवर झोपते. कुणी चादर ओढली की जागी होते.

गाडीत मी तिला सांगितलं. सोलापूर मागं पडल्यावर सांगितलं, गर्दी कमी झाल्यावर. म्हणालो, त्या दिवशी शू मी म्हणलो, ती चूक माझी. तू शहाण्यासारखं ऐकलंस. आई तुझ्यामुळं गेली नाही, आबामुळं गेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘मग तुमाला कोन रागावलं?’

‘कोनी न्हाय अजून.’

‘मी रागावू?’

‘रागाव.’

तिनं विचार केला. माझ्या गालावर एक चापट मारली, हळू. मग खिडकीतून ऊस बघत बसली. वैरागपर्यंत चारदा खाकरली. म्हणजे मी मोजलं. सवय जात नाही.

तिला पटलं का, माहीत नाही. एकदा सांगून पटत नाही म्हणे, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मी नसणार, म्हणून हे तुझ्यावर टाकतो.

आता ती बाकावर माझ्या मांडीला टेकून बिस्किट खातेय. तू येणार म्हणून केस दोनदा विंचरून घेतले. मला विचारते, ‘आबा, तुमी पन आमच्याबरोबर ऱ्हानार?’ मी म्हणालो, नाही. ‘मग परत कवा येनार?’ मी म्हणालो, आई बोलावील तेव्हा. हे मी तुला बांधायला म्हणालो नाही. तू बोलावणार नाहीस, बोलावूही नयेस. मी तुझ्या जागी असतो तर बोलावलं नसतं.

पण ती विचारील. दोन महिने, चार महिने विचारील. आबा का येत नाहीत, आबा रागावले का, मी काय केलं. तेव्हा माझ्याबद्दल जे वाटेल ते सांग. वाईट होते सांग. खोटं बोलले सांग. फक्त, पोरी, तिनं चापट मारली म्हणून आबा येत नाहीत असं तिला वाटू देऊ नकोस. तिच्यामुळं नाही, एवढं तिला रोज सांग.

तू फाटकातून आत येताना दिसतेस. निळी साडी. तिनं अजून बघितलेलं नाही.

ज्ञानबा